देवघरातल्या दोन बाटल्या

"साहेब, गोळ्या संपल्या नाहीत. गोळ्या हायेत. पण घेता येत नाहीत."

शुक्रवारची सकाळ होती. माझ्या खिडकीसमोर रांग लागलेली होती आणि फोनवरची बाई इतकी हळू बोलत होती की मी दोनदा "मोठ्याने बोला" म्हणालो. ती मोठ्याने बोलू शकत नव्हती. न्हाणीघराचं दार लावून बोलत होती.

"का घेता येत नाहीत? उलट्या होतायत?"

"नाय. देवघरात हायेत."

"मग काढा आणि घ्या."

"सुतक हाय ना साहेब. मंगळवारी सासूबाई गेल्या. देव झाकलेत."

मी हातातलं पेन खाली ठेवलं. रांगेतल्या पहिल्या माणसाला बसायला सांगितलं.

नाशिकमधल्या एका एआरटी केंद्रात मी फार्मसिस्ट होतो. एचआयव्हीची औषधं जिथे मोफत मिळतात त्या जागेला एआरटी केंद्र म्हणतात. गोळ्या मोजून देणं, नोंद करणं, मागच्या महिन्यातल्या किती उरल्या ते बघणं हे माझं काम. त्या आठवड्यात आमच्या समुपदेशक बाई ट्रेनिंगला गेल्या होत्या, म्हणून त्यांचा फोनही माझ्याकडे होता. फोनवरच्या बाईला मी इथे वैशाली म्हणतो. नाव खरं नाही. निफाड तालुक्यातलं तिचं गावही मी सांगणार नाही.

वैशाली आणि तिचा नवरा प्रकाश, दोघेही एचआयव्हीबाधित. लग्नानंतर वर्षभराने दोघांना एकाच दिवशी कळलं. तेव्हापासून दोघं रोज एक गोळी घेत होते. आम्ही तिला टीएलडी म्हणतो. एका गोळीत तीन औषधं असतात. एकच औषध दिलं तर विषाणू त्यातून वाट काढायला शिकतो. तीन मिळून त्याला वाट ठेवत नाहीत. तो शरीरातून जात नाही, पण रक्तात इतका कमी होतो की तपासणीत सापडत नाही. मग माणूस द्राक्षबाग सांभाळतो, कर्ज काढतो, भाऊबंदांशी बांधावरून भांडतो, सगळं इतरांसारखं करतो. मूलसुद्धा होऊ देतो. अट एकच. गोळी रोज, ठरलेल्या वेळेला, खंड न पाडता.

वैशालीला आठवा महिना चालू होता. दोन आठवड्यांनी तिच्या रक्ताची तपासणी व्हायची होती. विषाणू किती आहे ते त्यात कळतं, आणि बाळाला लागण होण्याचा धोका किती ते त्यावर ठरतं. आतापर्यंत तिचं सगळं चोख होतं. कॅल्शियम सकाळी, लोहाची गोळी दुपारी जेवल्यावर आणि आमची गोळी संध्याकाळी सातला. या दोन्ही गोळ्या आमच्या गोळीच्या फार जवळ घेतल्या तर आमची गोळी अंगी लागत नाही, म्हणून हे अंतर मीच तिला कागदावर काढून दिलं होतं.

जागाही मीच सुचवली होती.

आता लिहितानाही मला या गोष्टीचा त्रास होतो. एकत्र घर, सात-आठ माणसं, कपाटाला कुलूप लावलं तर सासू विचारणार. तेव्हा मी विचारलं होतं, "घरात अशी कुठली जागा आहे, जिथे फक्त तुमचाच हात जातो?" ती म्हणाली, "देवघर. पूजा आणि दिवाबत्ती माझ्याकडंच हाय." मी खूश झालो. जागाही मिळाली आणि वेळही. दिवा लावायचा, गोळी घ्यायची. हात जोडलेल्या बाईला कोणी हटकत नाही. देवांच्या खालच्या खणात, वातींच्या डब्यामागे, दोघांच्या दोन बाटल्या. ही युक्ती मला इतकी आवडली की पुढे मी ती आणखी किती तरी जणींना सांगितली.

घरात कोणी मेलं तर देवघराचं काय होतं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी नाशिकमध्ये वाढलो आहे. पण कामाच्या खुर्चीत बसलं की माणूस आपल्या घरातलं शहाणपण घरीच ठेवून येतो.

"किती गोळ्या चुकल्या?"

"तीन झाल्या. आज चौथी. यांच्याबी तेवढ्याच."

"देवघराला कुलूप आहे?"

"हाय. चावी गुरवांकडं. ते सकाळी येतात, दिवा लावतात, कुलूप लावून जातात. घरातल्या कुणी शिवायचं नाय. आणि देवघर पुढच्या खोलीत. तिथं रात्रंदिवस माणसं."

"गुरवांना सांगा, वातींच्या डब्यामागचं काढून द्या म्हणून."

"साहेब," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज थोडा चढला, "त्यांचा पाय गावातल्या प्रत्येक घरात असतो. तोंडबी."

मग तिने विचारलं, "तेराव्याला देव उघडतील. तेव्हा राहिलेल्या सगळ्या एकदम घेऊ का?"

"अजिबात नाही. चुकलेली गोळी गेली. भरून काढायला दोन एकदम घ्यायच्या नाहीत. सापडतील त्या दिवसापासून रोज एकच. कळलं?"

"कळलं. मग तेराव्यापर्यंत काय करू?"

बाहेरून कोणीतरी दार वाजवलं. फोन बंद झाला.

चार दिवसांत आभाळ कोसळत नाही. तेरा दिवस मात्र वेगळे. औषध रक्तातून उतरतं, विषाणू पुन्हा वाढायला लागतो, आणि हे सगळं नेमकं बाळ जन्माला यायच्या तोंडावर. मी खिडकीवर "दहा मिनिटांत येतो" अशी पाटी लावली आणि मॅडमकडे गेलो. मॅडम म्हणजे केंद्राच्या प्रमुख डॉक्टर. कडक, पण न्यायी.

"वैशाली आणि प्रकाशला जादा औषध द्यायचंय, मॅडम."

"सिस्टिम दाखवतेय, दोघांकडे वीस-वीस गोळ्या शिल्लक आहेत."

"आहेत."

"हरवल्या?"

"नाही."

"खराब झाल्या?"

"नाही."

"चोरीला गेल्या?"

"नाही. देव झाकलेत."

मॅडमनी चष्मा काढला. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवला. जादा औषधाचं कारण निवडायचा तिथे एक रकाना होता. त्यात हरवणं, खराब होणं आणि प्रवास अशी तीन कारणं होती.

"प्रवास टाकू या," मी म्हणालो.

"कुठून कुठे?"

"स्वयंपाकघरातून देवघरात."

"मी खोटं लिहिणार नाही आणि तुम्हीही लिहू नका. नातेवाईक येऊन सही करू दे. उपचाराचं हिरवं पुस्तक घेऊन यायला सांगा."

"मॅडम, पुस्तकही देवघरातच आहे."

"तुम्ही लोकांना सगळं देवघरात ठेवायला सांगता का?"

मी माझ्या खिडकीकडे परत आलो.

निफाडच्या बाजूला औषध वाटपाचं एक छोटं केंद्र आहे. मी तिथे फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, "तुमचा पेशंट, तुमचाच स्टॉक. आमच्या यादीत नाव नाही." नाव नव्हतं, कारण वैशालीने ते मुद्दाम तिथे घातलं नव्हतं. तिथल्या कर्मचाऱ्यांपैकी एक जण तिच्या जावेचा भाऊ. म्हणून ती दर महिन्याला जवळचं केंद्र सोडून एसटीने नाशिकला यायची. बाहेरच्यांना हे वेड वाटतं. आमच्या निम्म्या पेशंटांना आपल्याच गावच्या औषधापासून लांब पळावं लागतं.

गावातल्या आशाताईंकडे, म्हणजे सरकारी आरोग्य कार्यकर्तीकडे, पाठवावं म्हटलं, तर त्या प्रकाशच्याच भावकीतल्या. म्हणजे त्याच सुतकात, त्याच घरात बसलेल्या. आमचा फिरता कार्यकर्ता जाऊ शकला असता, पण त्याची मोटरसायकल दारात उभी राहिली की गल्लीत कुजबुज होते, हे तो स्वतःच सांगतो. "साहेब, मी गेलो तर औषध पोचंल आणि अब्रू जाईल."

शनिवारी सकाळी मी पुन्हा मॅडमसमोर उभा राहिलो. रात्रभर त्यांनीही विचार केला असावा.

"नियमात हे बसत नाही," त्या म्हणाल्या. "पण गरोदर बाईला तेरा दिवस औषधाविना ठेवा, असंही कुठल्या नियमात नाही. एक सीलबंद बाटली द्या. तीस गोळ्या, दोघांत पंधरा-पंधरा. शेऱ्यात खरं कारण लिहा."

"काय लिहू?"

"घरात मृत्यू झाल्याने औषधापर्यंत हात पोचत नाही. आणि पोचवणार कसं, ते मला सांगू नका. जमलं की सांगा."

संध्याकाळी इंदिरानगरला घरी आलो तो बाटली घेऊन आणि चिडून. माझी पत्नी सुनंदा भाजी निवडत होती. पेशंटचं नाव, गाव मी घरी कधीच सांगत नसे आणि तिनेही कधी विचारलं नाही. नुसती अडचण सांगितली.

ती म्हणाली, "अहो, मग दारावर जा की."

मयताच्या घरी भेटायला जाण्याला आमच्याकडे दारावर जाणं म्हणतात.

"मी कोण त्यांचा?"

"दारावर आलेल्याला कोणी विचारतं का, तुम्ही कोण म्हणून? जायचं, बसायचं, मान खाली घालायची, उठायचं. तुम्हाला तर ते फार छान जमेल. नाहीतरी कुठेही गेलात की तेच करता."

तिने चहापत्तीचं पाकीट आणि दोन किलो साखर काढून ठेवली. मयताच्या घरी सारखी माणसं येतात, चहा लागतो, रिकाम्या हाताने जाऊ नये, म्हणाली. बाटलीचं लेबल मी ओलं करून सोललं. गोळ्या खुळखुळू नयेत म्हणून आत कापूस भरला. बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवली. वर साखर, त्यावर चहा. सुनंदा बघत होती. "पांढरा शर्ट घाला," एवढंच म्हणाली.

तिला जाऊन आता पाच महिने झाले. माझं लिहिणं आधीपासूनच सावकाश होतं, आता आणखी सावकाश झालं आहे. हा प्रसंग कागदावर उतरवायचं खरं कारण तीच आहे. तिची ती एक सूचना सोडली, तर यात मला शहाणपणाचं काही केल्याचं आठवत नाही.

रविवारी दुपारी मी त्या घरासमोर उतरलो. पुढे पत्र्याचा मांडव. सतरंजीवर पंधरा-वीस पुरुष बसलेले. सुनंदाचं म्हणणं अगदी खरं निघालं. कोणी काही विचारलं नाही. एकाने सरकून जागा दिली. दोन मिनिटं सगळे गप्प राहिले, मग म्हातारी कशी एकाएकी गेली ते कोणीतरी मला सांगितलं, आणि मग गाडी डाऊनीवर आली. डाऊनी म्हणजे द्राक्षाच्या पानावर येणारा रोग. छाटणीनंतर पाऊस झाला होता आणि सगळ्यांचा जीव बागेत अडकला होता.

"कालच्या फवाऱ्याचा काय उपेग नाय झाला. रातच्याला पुन्हा आला ना पाऊस."

"तू दोन औषधं एकत्र मारायचा कंटाळा करतो. एकट्याला ती बुरशी मोजत नाय."

मला मान खाली घालायला खरंच कारण मिळालं, हसू लपवायचं होतं. माझं अर्धं भाषण तो माणूस फुकट देत होता.

प्रकाश समोर होता. त्याने मला ओळखलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. मुंडण केलेलं, अंगावर धोतर आणि उपरणं, घोंगडीवर बसलेला, दोन्ही बाजूंना चुलते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्या योजनेत एक मोठं भोक होतं. क्रियेला बसलेल्या माणसाला खिसा नसतो. त्याला एकटं उठून कुठे जाताही येत नाही. पिशवी त्याच्या हातात देणार तरी कशी?

हा विचार पुरा व्हायच्या आत पिशवीच माझ्या हातातून गेली. आतून साठीच्या एक बाई आल्या. ठसठशीत, नऊवारी नेसलेल्या. प्रकाशची थोरली चुलती, सगळे त्यांना काकू म्हणत होते. "आणा भाऊ इकडं," म्हणाल्या, आणि पिशवी घेऊन सरळ आत गेल्या.

मी ओरडूही शकत नव्हतो. प्रकाश माझ्याकडे बघत होता, मी प्रकाशकडे. शेजारचा म्हणाला, "तुमची बाग कोणत्या भागात?" मी म्हणालो, "माझी बाग नाही." तो म्हणाला, "सुखी हायेत तुम्ही."

दोन मिनिटांनी काकू बाहेर आल्या. हातात ती पांढरी बाटली.

"भाऊ, हे काय वो? साखरेच्या खाली निघालं."

पंधरा-वीस माना वळल्या.

"माझं आहे ते," मी म्हणालो. "राहिलं चुकून. बीपीच्या गोळ्या."

"बीपीच्या?" काकूंनी बाटली उलटसुलट करून पाहिली. "मी दहा वर्षं बीपीची गोळी खाते. ती पाकिटात असते. आणि बाटलीवर काय नाव नाय, गाव नाय. ही असली बाटली कोण देतं?"

लबाडी करावी ती तिच्यातलं काही कळत नसलेल्या माणसासमोर. मला तेवढीही अक्कल नव्हती.

"मी औषधांच्या खात्यातच आहे काकू. फार्मसिस्ट. आमच्याकडे अशाच येतात."

"म्हंजे औषधवाले?" काकूंचा सगळा सूर बदलला. बाटली त्यांनी माझ्या हातात दिली आणि समोर ऐसपैस बसल्या. "मग बरे सापडला. आमच्या सुनेला आठवा महिना हाय. तीन-चार दिवस झाले, धड खात नाय, चक्कर येते म्हणते. गोळ्या घेती का विचारलं तर नुसती रडती. म्हातारीसाठी रडती म्हणावं, तर म्हातारी काय तिला गोड बोलत नव्हती. सांगा बरं, काय करावं?"

आत दाराच्या पडद्याआड वैशाली उभी असल्याचं मला दिसलं. तिने मान जोरात हलवली. नको.

आमच्या धंद्यात एक गोष्ट सगळ्यात वर असते. पेशंटबद्दल बाहेर अक्षर बोलायचं नाही. मी तीस वर्षं ते पाळलं. पण गरोदरपणाच्या गोळ्यांबद्दल बोलण्यात काही उघडं पडत नव्हतं. हातातली बाटली आता माझी ठरली होती, ती आत जायचा रस्ता बंद होता. मी पडद्याकडे न बघता सावकाश बोललो.

"काकू, गरोदरपणात गोळ्या चुकल्या तर बाळाला बाधतं. तिच्या गोळ्या कुठे ठेवल्या आहेत, तेवढं तिला विचारा."

"वैशाली! अगं गोळ्या कुठं हायेत तुझ्या?"

पडद्याची कड हलली. मग अगदी बारीक, "देवघरात."

"कुठं?"

"देवघरात. खालच्या खणात."

काकूंनी पदर खोचला. आता सुतकाचं कीर्तन सुरू होणार, या तयारीने मी बसलो.

"आणि पाच दिवस तू तोंडाला कुलूप लावून बसली?" काकू कडाडल्या. "अगं, औषधाला कसलं सुतक? म्हातारी गेली त्या रातीला मी तिच्या उशाशी बसून माझी बीपीची गोळी घेतली! पोटात लेकरू हाय आन् ही सोवळं पाळती. कुणी शिकवलं तुला हे?"

कोणी शिकवलं, ते मला माहीत होतं. मी पांढऱ्या शर्टाची बाही नीट केली.

"ए, गुरवाला बोलवा रे! चावी घेऊन ये म्हणावं."

गुरव आला. सुनेच्या गोळ्या काढायच्या आहेत, हे त्याला मांडवातल्या दहा जणांनी एकदम सांगितलं. मांडवातून पुढची खोली दिसत होती. त्याने कुलूप उघडलं, खालचा खण ओढला. वातींचा डबा बाजूला केला. मी जागेवरून उठलो होतो, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही. आधी लोहाच्या गोळ्यांचं पाकीट निघालं. मग कॅल्शियमची डबी. मग दोन पांढऱ्या बाटल्या, लेबल सोललेल्या. आणि सगळ्यात मागून लाल कापडात बांधलेलं काहीतरी चौकोनी.

कापडात ते हिरवं पुस्तक होतं, हे आम्हा तिघांनाच ठाऊक. वर आमच्या केंद्राचं नाव, आत दोघांचे फोटो आणि आजाराचं नाव. प्रकाशने डोळे मिटून घेतले.

गुरवाने ते दोन्ही हातांत धरलं. "पोथी हाय," म्हणाला. कपाळाला लावलं आणि होतं तिथे परत ठेवून दिलं.

मी खाली बसलो. शेजारच्या माणसाने मला पाणी दिलं.

काकू मात्र अजून बाटल्यांकडे बघत होत्या. मग माझ्या हाताकडे. "या तर तुमच्यासारख्याच दिसतात वो."

"सरकारी बाटल्या. सगळ्या सारख्याच."

"दोन-दोन? म्हंजे सकाळी यातली आन् संध्याकाळी त्यातली?"

"नाही, नाही," मी जवळजवळ ओरडलोच. ही बाई जातीने लक्ष घालून सुनेला रोज दोन गोळ्या चारणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. "रोज एकच. संध्याकाळी सातला. आधी एक बाटली संपवायची. दुसरीला तिच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. आणि लोहाची गोळी दुपारी जेवल्यावर. या गोळीच्या जवळपास नाही."

"सातला एक. ध्यानात ठेवते. माझ्यासमोर घ्यायला लावते." काकूंनी सगळ्या गोळ्या पदरात घेतल्या. "चुकलेल्याचं काय? त्याबी चारायच्या का?"

"त्या सोडून द्यायच्या, काकू."

पडद्याआडून वैशाली बाहेर आली आणि तिने ओंजळ पुढे केली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. बरोबरच होतं. मी दारावर आलेला कोणीतरी होतो.

दारावरून उठताना "येतो" म्हणत नाहीत, म्हणून नुसताच उठलो. चौकात एसटीची वाट बघत असताना सातला पाच कमी होते. सात वाजून दोन मिनिटांनी वैशालीचा फोन आला.

"घेतली साहेब. काकूंनी स्वतः पाणी दिलं. यांचीबी मी ताटाखाली ठेवलीय."

"तुम्ही पहिल्याच दिवशी काकूंना लोहाच्या गोळ्यांचं सांगितलं असतं तर?"

"सांगणार होते. पण गुरवाने सगळा खण बाहेर काढला असता तर? पुस्तक उघडलं असतं तर?"

गुरवाने त्या दिवशी कापडाची गाठ सोडली असती, तर मी हा प्रसंग वेगळ्या सुरात लिहिला असता, किंवा लिहिलाच नसता. तिची भीती मूर्खपणाची नव्हती. मूर्खपणा झाला होता तो कितीतरी आधी, माझ्या खुर्चीत, मी युक्ती सुचवली तेव्हा.

सोमवारी मी ती बाटली मॅडमच्या टेबलावर ठेवली. सील फुटलेलं, लेबल नाही, आत कापूस.

"हे काय?"

"परत करायचीय. औषध घरातच मिळालं."

"फोडलेली बाटली स्टॉकला परत येत नाही. नोंद काय करू? कारण?"

"साखरेखाली निघाली."

मॅडमनी कोरे कागद माझ्यापुढे सरकवले. मग त्यांनी दोन पानी खुलासा माझ्याकडून लिहून घेतला. त्यात मी सगळं खरं लिहिलं. तो खुलासा पुढे वर गेला आणि वरून एक प्रश्न आला: "दारावर जाणे म्हणजे काय, स्पष्ट करावे." तेही मी स्पष्ट केलं. आणखी एक पान.

दोन आठवड्यांनी वैशालीच्या रक्ताची तपासणी झाली. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मी रोज सकाळी आल्याआल्या तोच उघडत होतो. विषाणू सापडला नाही. पाच गोळ्या चुकूनही औषधाने तिला सांभाळून घेतलं होतं. दर वेळी असं होत नाही, हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो. बाळंतपण दवाखान्यात झालं, मुलगी झाली. बाळाला द्यायचं औषध वेळेवर दिलं. पहिली तपासणी निगेटिव्ह, मग दुसरी, आणि दीड वर्षाने शेवटची. ती मुलगी त्या दिवशी माझ्या टेबलावर बसून स्टॅम्पपॅडची शाई ओठांना लावत होती. मी ओरडलो, आणि मग ओरडल्याचं बरं वाटलं.

दारावर जाऊन आल्यानंतरच्याच आठवड्यात मी आणि समुपदेशक बाईंनी माझी युक्ती ऐकलेल्या एकेकीला फोन लावून जागा बदलायला सांगितलं. काही जणी चिडल्या. "तुम्हीच सांगितलं होतं," म्हणाल्या. सांगितलं होतंच.

निवृत्त होईपर्यंत मग मी कोणालाही जागा सुचवली नाही. फक्त विचारायचो: उद्या तुमच्या घरात कोणी गेलं, कोणी जन्मलं, लग्न निघालं, चाळीस पाहुणे आठवडाभर राहिले, तर ही गोळी तुमच्या हाताला लागेल का? लोक दचकायचे. सिन्नरच्या एका आजींनी तर मला चांगलंच फैलावर घेतलं. "साहेब, औषध द्यायला बसलाय का मरण सांगायला?"

मी म्हणालो, "आजी, दोन्ही. गोळ्या कुठे ठेवता?"

त्यांनी जरा विचार केला, आणि म्हणाल्या, "बदलते."